गुलेरींचे मौन

एकाच कथेने रसिकांच्या मनात घर करून पुढे दिसेनासे झालेले लेखक हा साहित्येतिहासकारांच्या आवडीचा विषय आहे. अशा लेखकासाठी ‘धूमकेतू’ हा शब्द ठरल्यासारखा येतो आणि विचार तेथेच थांबतो. हिंदीतील चंद्रधर शर्मा गुलेरी (१८८३–१९२२) हे याचे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण होय. ‘उसने कहा था’ ही त्यांची कथा महावीरप्रसाद द्विवेदींच्या ‘सरस्वती’ मासिकात १९१५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. रामचंद्र शुक्लांसारख्या काटेकोर इतिहासकाराने तिचा गौरव केला. १९६० मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. तिच्याआधीच्या कथा दोनच, ‘सुखमय जीवन’ आणि ‘बुद्धू का काँटा’. तिच्यानंतर सात वर्षांचे आयुष्य उरले होते. परंतु तेवढ्या अवधीत कथा म्हणून गुलेरींनी वाचकांपुढे काही ठेवले नाही.

मात्र या काळात ते गप्प होते काय? मुळीच नाही. गुलेरी हे व्यवसायाने व वृत्तीनेही पंडित होते. जयपूरच्या वेधशाळेवरील इंग्रजी ग्रंथाच्या रचनेत त्यांचा हात होता, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आत होते. अजमेरच्या मेयो कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकविले, ‘समालोचक’ हे मासिक संपादिले, आणि १९२१ मध्ये ‘नागरी प्रचारिणी पत्रिके’त ‘पुरानी हिंदी’ ही लेखमाला लिहून अपभ्रंशाच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यूने त्यांना गाठले, ते काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात नव्या कामावर रुजू झाल्यानंतर. तेव्हा नाहीसा झाला तो लेखक नव्हे. आपण ज्या एका कप्प्यात त्याला शोधीत राहिलो, तो कप्पा तेवढा रिकामा राहिला.

यावर कोणी म्हणेल, पांडित्य निराळे आणि प्रतिभा निराळी. एकीच्या भाराखाली दुसरी गुदमरली असेल. हा आक्षेप कथा पुन्हा वाचली म्हणजे टिकत नाही. अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा एक मुलगा आठ वर्षांच्या मुलीला पुन्हा पुन्हा भेटतो आणि तिचा वाङ्‌निश्चय झाला काय, असे थट्टेने विचारतो. पंचवीस वर्षांनी तो जमादार लहनासिंग होऊन फ्रान्सच्या खंदकात उभा आहे. ती आता सुभेदारीण आहे. आपला पती व पुत्र यांना सांभाळण्याचे तिने त्याच्याकडे मागितले आहे. अशात एक जर्मन हेर त्यांच्याच साहेबाच्या गणवेशात खंदकात शिरतो. लहनासिंग त्याला ओळखतो तो कशावरून? साहेब शीख शिपायापुढे सिगारेट धरतो, हे एक. परंतु मुख्य खूण भाषेची आहे: याची उर्दू स्वच्छ खरी, पण ती पुस्तकातली आहे. मग लहनासिंग जुन्या शिकारीच्या आठवणी काढतो. मुसलमान खानसामा वाटेत देवळात पाणी वाहण्यास थांबला होता, नीलगाईची शिंगे दोन फुटांहून लांब होती. आणि साहेब प्रत्येक थापेला मान डोलावतो. कथेचे सारे वळण शिकलेली भाषा व जगलेली भाषा यांतील भेदावर आहे. हा भेद ज्याच्या कानाला क्षणात कळे असा माणूसच ते लिहू शकला. (हेर इतक्या सहजी खंदकात यावा, हे संभाव्यतेच्या कसोटीला फारसे उतरत नाही, पण तो दोष वाचकाला उशिरा आठवतो.) आरंभी अमृतसरच्या गाडीवानांच्या बोलीचे जे रसाळ वर्णन आहे तेही बोलीच्या अभ्यासकाचेच आहे.

मराठीत विश्राम बेडेकरांचे असेच झाले. १९३९ च्या ‘रणांगण’नंतर ते चित्रपटांत व रंगभूमीवर सतत काम करीत होते, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा अकादेमी पुरस्कारही मिळाला. तरी कादंबरीच्या चर्चेत त्यांचा उल्लेख एका पुस्तकाचा लेखक असाच होत आला. वाङ्मयप्रकारांची उतरंड आपण लावून ठेवतो आणि मग खालच्या मडक्यात काय आहे हे पाहावयाचे विसरतो.

गुलेरींना या स्थितीतील विनोद ठाऊक असावा. ‘सुखमय जीवन’चा नायक सुखी गृहस्थाश्रमावर ग्रंथ लिहून बसला आहे, आणि त्याचे स्वतःचे लग्न झालेले नाही. ग्रंथावर भाळलेला एक वृद्ध वाचक त्याला अनुभवी समजून आदराने घरी नेतो, तेव्हा त्याची जी तारांबळ उडते ती लेखकाने मोठ्या मिस्किलपणे रंगविली आहे.

‘पुरानी हिंदी’त मात्र निराळा सूर ऐकू येतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नियमांची उदाहरणे म्हणून लोकांच्या तोंडचे दोहे दिले आहेत. त्यांचे अर्थ लावण्यात गुलेरी रमले. त्यांतील एका दोह्यात एक स्त्री सखीला सांगते की पती रणात पडला हे बरेच झाले. पळून घरी आला असता तर तिला तोंड दाखविता आले नसते. सुभेदारिणीने पदर पसरून मागितले होते ते याच्या नेमके उलट.