आयस्लिपचें चिमुकलें मैदान

मोटारींची शर्यत म्हटली कीं कित्येक मैलांचा वळणावळणांचा रस्ता आणि दूरवर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या मोटारी असें चित्र डोळ्यांपुढें येतें. आज आम्ही वाचकांस ज्या मैदानावर नेणार आहों तें अगदींच लहान होतें. खेळाडूंच्या धांवण्यासाठीं ४०० मीटरांचा जो मार्ग आंखतात, त्याहूनही तें तोकडें. एक फेरा अवघा पंचमांश मैलाचा, म्हणजे सुमारें ३२० मीटरांचा. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नांवाचें लांबट बेट आहे. त्यावरील आयस्लिप येथें हें लंबवर्तुळाकार मैदान १९४७ सालीं सुरू झालें आणि १९८४ सालीं कायमचें बंद पडलें.

येथें धांवत त्या मोटारींस ‘स्टॉक कार’ म्हणतात. कारखान्यांतून सामान्य गिऱ्हाइकासाठीं बाहेर पडलेली गाडी, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. शर्यतीसाठीं मुद्दाम घडविलेलें नाजूक यंत्र विकत घेणें हें श्रीमंतांचें काम. पण जुनी गाडी घेऊन, तिच्या कांचा काढून, आंत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवून ती पळविणें हें हुन्नरी माणसाच्या आवांक्यांतलें होतें. अशा मैदानांचें खरें महत्त्व आम्हांस येथेंच वाटतें.

या गाड्यांना जन्मभर डावीकडेच वळावयाचें असतें. म्हणून त्यांचें वजन डाव्या अंगास अधिक ठेवतात व उजव्या बाजूच्या टायरांचा घेर किंचित् मोठा घेतात. मग गाडी आपण होऊनच डावीकडे ओढ घेते. एवढ्याशा धांवपट्टीवर सरळ भाग सुरू होतो न होतो तोंच पुढचें वळण येतें. वेगाचा कांटा चढवावयास अवसरच नाहीं! तीनशें फेरे घालावे तेव्हां कोठें साठ मैल पुरे होत. पुढच्यास मागें टाकावयाचें तर वळणावर त्याच्या शेजारीं घुसावें लागे, आणि धक्काबुक्की ही ठरलेलीच. पण बांकावर बसलेल्या प्रेक्षकास पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत सारें कांहीं एकाच दृष्टिक्षेपांत दिसे. मोठमोठ्या मैदानांवर हें सुख नाहीं.

नॅस्कार या संस्थेच्या वरिष्ठ मालिकेची शर्यत १९६४ ते १९७१ या काळांत येथें सहा वेळां झाली. त्या मालिकेंतलें याहून लहान मैदान नव्हतें. पहिली शर्यत बिली वेड यानें जिंकली. त्या जुलै महिन्यांत त्यानें लागोपाठ चार शर्यती जिंकल्या, त्यांतली आयस्लिपची तिसरी. पुढच्याच जानेवारींत डेटोना येथें टायरांची परीक्षा घेत असतां तो अपघातांत गेला. १९६७ सालचा मान रिचर्ड पेटी यास मिळाला. त्या एका वर्षांत त्यानें २७ शर्यती जिंकल्या.

परंतु आयस्लिपचें नांव झालें तें निराळ्याच कारणानें. मैदानाचा चालक लॅरी मेंडेलसन यानें हेरलें कीं लोकांचें अर्धें लक्ष शर्यतींत आणि अर्धें टकरींत असतें. मग शर्यत हवी तरी कशाला? १९५८ सालीं त्यानें निव्वळ टकरींचा सामना भरविला. भंगाराच्या लायकीच्या गाड्या एकमेकींवर आदळावयाच्या आणि शेवटपर्यंत जी हलती राहील ती जिंकली. याच ‘डिमॉलिशन डर्बी’च्या जनकत्वावर कॅलिफोर्नियाकडील मंडळीही हक्क सांगतात, तो वाद आम्ही सोडवूं इच्छीत नाहीं. येथें इंग्रजी आठाच्या आंकड्यासारख्या मार्गावरही गाड्या धांवत. मधल्या चौकांत त्यांचे रस्ते एकमेकांस छेदीत, आणि या सामन्यांची चित्रें दूरचित्रवाणीवरून देशभर दिसत. आमच्या घरांतील वडील मंडळी यास खेळ म्हणणार नाहींत. आम्हांलाही तो पुरता पचलेला नाहीं. तथापि तिकिटें विकलीं जात हें खरें.

दोन गोष्टी या मैदानास भोंवल्या. नॅस्कारनें १९७२ सालीं आपल्या शर्यतींची संख्या ४८ वरून ३१ वर आणली व लहान पल्ल्याच्या शर्यती वगळल्या. त्यामुळें नामांकित स्पर्धक येथें येईनासे झाले. दुसरी गोष्ट अधिक बलवत्तर. ज्या सालीं हें मैदान उघडलें त्याच सालीं या बेटावर लेव्हिटटाउन ही युद्धावरून परतलेल्या तरुणांसाठीं घरांची अजस्र वसाहत उभी राहूं लागली. मागोमाग वसाहती पूर्वेकडे सरकत आल्या. आयस्लिप ज्या सफोक परगण्यांत येतें, त्याची वस्ती १९५० सालीं पावणेतीन लाखांच्या आसपास होती. १९७० सालीं ती अकरा लाखांवर गेली. जे तरुण बेटावर राहावयास आले त्यांतूनच प्रेक्षक आले, स्पर्धकही आले. आणि त्यांच्याच घरांनीं जमिनीचा भाव असा चढविला कीं आठवड्यांतून एकदोन रात्री गजबजणारें मैदान राखणें परवडेनासें झालें. जवळचें फ्रीपोर्टचें मैदान १९८३ सालीं गेलें, आयस्लिप त्याच्या मागोमाग.

बेटाच्या पूर्व टोंकाकडे रिव्हरहेड येथें पाव मैलाची धांवपट्टी तेवढी शिल्लक राहिली. आणि मेंडेलसनच्या टकरींचा खेळ अमेरिकेंतील खेड्यापाड्यांच्या जत्रांतून अजून चालतो. तेथील शेतकरी आपली निकामी गाडी रंगवून, तिच्यावर मोठा आंकडा घालून मोठ्या हौसेनें ती मोडावयास आणतात.