अंगाला चिकटलेला पेंढा

उपासमारीनं खंगलेला घोडा दारात आला, की पहिल्या दिवशी त्याला चंदी घालायची नसते. आपल्या हातांना हे सहज पटत नाही. बरगड्या मोजता येतील असं जनावर समोर उभं असताना हात आपोआप हरभऱ्याच्या पोत्याकडे वळतो. पण त्या पाटीभर चंदीनं घोडा तीन ते पाच दिवसांत मरू शकतो.

अन्न मिळेनासं झालं की शरीर आधी साठवलेली चरबी जाळतं आणि मग स्वतःचे स्नायू. अशा देहात अचानक पिष्टमय धान्य गेलं, की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढून नेतं. रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि हृदय, फुप्फुसं थकत जातात. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हेच पाहिलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी हाडकलेल्या घोड्यांवर वेगवेगळे चारे वापरून पाहिले, तेव्हा सर्वांत उपयोगी ठरला वाळवलेला लसूणघास. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं भरपूर आणि नेमकी हवी ती खनिजंही असतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो, रात्रीसुद्धा. मग दहाव्या दिवसापर्यंत घास हळूहळू वाढवायचा आणि खेपा कमी करायच्या. दहा दिवसांनंतर पोटभर चारा. अंग पूर्ववत भरायला तीन ते पाच महिने लागतात.

म्हणजे घोडा गाडीतून सोडवणं हे एका दुपारचं काम असतं. त्यापुढचं काम रात्री दोन वाजता कंदील घेऊन मूठभर घास घालायला उठणाऱ्या माणसाचं असतं. या विषयावर वाचत गेले तसं मला वाटू लागलं, की आपण सोडवणाऱ्यांच्या गोष्टी फार सांगतो आणि उठणाऱ्यांच्या फारच थोड्या.

ही दोन्ही कामं एकाच बाईनं केली, तिची गोष्ट कैरोची आहे.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश सैन्याचे हजारो घोडे इजिप्त-पॅलेस्टाईनच्या मुलखात होते. स्वारांना पाठीवर घेऊन, तोफा आणि रसदीच्या गाड्या ओढून ते तिथवर पोचले होते. परतीचा खर्च नको म्हणून त्यातले बरेचसे घोडे तिथेच विकले गेले. १९३० साली एका घोडदळ अधिकाऱ्याची पत्नी, डोरोथी ब्रुक, कैरोत राहायला आल्या, तेव्हा ते घोडे विशीच्या पुढे गेले होते. कुणी दगडखाणीत माल वाहत होता, कुणी शहरात गाडी ओढत होता. काही आंधळे झाले होते. लष्करानं डागून उमटवलेली बाणाची खूण कातडीवर अजून दिसत होती, तिच्यावरून ते ओळखू येत.

ब्रुकबाईंनी १६ एप्रिल १९३१ च्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये पत्र लिहिलं. इंग्लंडमधल्या वाचकांनी पैसे पाठवले आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांच्या समितीनं सुमारे ५,००० घोडे विकत घेतले.

इथे थांबून एक अवघड गोष्ट सांगायला हवी. त्यातल्या बहुसंख्य घोड्यांना नंतर शांतपणे मरण दिलं गेलं. वय झालेलं, सांधे गेलेले, खूर वेडेवाकडे. चांगल्या चाऱ्यानंही ते उभे राहणार नव्हते. आपल्याकडे १८३४ पासून मुंबईत पांजरपोळ आहे. जनावर आपल्या मरणानं मरेपर्यंत सांभाळायचं, ही आपली रीत. त्यामुळे ब्रुकबाईंचा हा निर्णय बराच काळ माझ्या घशाखाली उतरला नाही. मग त्यांच्या रोजनिशीतलं वर्णन वाचलं. मरणाआधी या घोड्यांना तबेल्यात आणत, तेव्हा खाली पेंढ्याची जाड गादी पसरलेली असे. पायाला ती लागताच घोडा थबके, मान खाली घालून वास घेई, विश्वास बसत नसल्यासारखा. मग कुणी गव्हाणीतल्या बरसीमकडे जाई, तर कुणी करकरणारे सांधे सावरत हळूहळू खाली बसे आणि मान-पाय ताणून आडवा होई. तो उठत नसे, म्हणून मोतद्दार त्याला बसल्या जागी हातानं भरवत. ज्याला दहा वर्षं मऊ जमीन लागली नाही, त्याला मिळालेलं ते घर होतं, अगदी थोड्या काळाचं. ते खोटं होतं असं आता मला म्हणवत नाही.

ब्रुकबाईंचं मोठेपण मला त्याच्या पुढच्या पावलात दिसतं. घोड्याचा मालक बहुधा स्वतःच हातावर पोट असलेला. एक घोडा गेला की तो दुसरा आणणार, कारण घर त्याच गाडीवर चालतं. मग त्या दुसऱ्या घोड्याचं काय? म्हणून १९३४ मध्ये त्यांनी कैरोत जुन्या युद्धघोड्यांच्या स्मरणार्थ रुग्णालय उघडलं आणि कष्टकरी घोड्या-गाढवांवर फुकट उपचार सुरू केले. मालकाला हाकलून न देता त्याला सालोत्र्याच्या दारात आणलं. १९५५ मध्ये त्या कैरोतच वारल्या. त्यांच्या नावाची संस्था आज आपल्या देशातही काम करते, वीटभट्ट्यांवरच्या जनावरांमध्येही.

सुटलेल्या घोड्याचं पुढे काय, हा प्रश्न मुंबईतही आहे. ९ मे १८७४ ला इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. ट्राम कंपनीच्या तबेल्यांत ९०० घोडे होते. त्याच वर्षी शहरात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था स्थापन झाली आणि पुढे परळला बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं. ट्रामचे घोडे कालांतरानं सुटले. व्हिक्टोरिया नावाच्या घोडागाड्यांचे मात्र रस्त्यावर राहिले. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, एक वर्षाची मुदत दिली आणि घोडे व माणसं दोन्हींच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं. त्या वेळच्या बातम्यांत सुमारे १३० गाड्या आणि ७०० कुटुंबं असा आकडा येत असे. २०२१ मध्ये विजेवरच्या व्हिक्टोरिया आल्या. निकाल योग्यच होता. डांबरावर तापलेल्या नालांनी उभं राहणं हे घोड्याचं जिणं नव्हे. पण गाडीला मोटार लावता येते, गाडीतून सुटलेल्या घोड्याला मात्र उरलेलं आयुष्य जगायचं असतं, आणि नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो.

हिशेब साधा आहे. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा किलोच्या आसपास सुका चारा लागतो. दहा वर्षांत हे होतात जवळपास २२ टन. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायचे. दाढा जन्मभर वर सरकत राहतात आणि असमान झिजून त्यांना कडा येतात, म्हणून त्या कानशीनं घासायच्या. नाहीतर समोर चारा असूनही म्हातारा घोडा उपाशी राहतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटदुखी म्हणजे आणीबाणी. शिवाय नवा घोडा आला की आधी वेगळा बांधून त्याच्या रक्ताची तपासणी करावी लागते, कारण ग्लँडर्स माणसालाही होतो. घोडा दत्तक देणाऱ्या प्रत्येकानं घेणाऱ्याला हा हिशेब आधी दाखवावा. तो पाहून कुणी मागे फिरलं, तर ते घोड्याच्या भल्याचंच आहे.

आणि जो मागे फिरत नाही, त्यानं पहिले काही आठवडे एक गोष्ट बघावी. घोडा उभ्यानं झोपतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. पायांच्या सांध्यांची त्याला तशी सोयच आहे. पण ती नुसती डुलकी. गाढ, स्वप्नांची झोप यायची तर त्याला आडवं व्हावं लागतं, आणि निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. त्यामुळे नव्या तबेल्यात कित्येक रात्री तो उभाच असतो. सकाळी खरारा करायला जाल, तेव्हा आधी त्याच्या कुशीकडे बघा. एखाद्या पहाटे तिथे पेंढा चिकटलेला असेल.