रेव्हरंड टिळक : ओवी-अभंगांतून ख्रिस्तभक्ती गाणारे एक कुटुंब



आपल्या सिल्वासात मराठी, गुजराती, हिंदी, वारली, कोकणा अशा अनेक बोली रोज कानावर पडतात. देवळातल्या आरतीइतकेच चर्चमधले गाणेही आपल्याला परके नाही. पण मराठीत गायिल्या जाणाऱ्या ख्रिस्ती भजनांना अभंगाची चाल आणि ओवीचे वळण कोणी दिले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना जाते. लोकमान्य टिळक वेगळे आणि हे वेगळे, हे आधीच सांगून ठेवतो. दोघेही एकाच काळातले आणि मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, म्हणून मुलांचा गोंधळ होतो.

पाचवी-सहावीतल्या मुलांच्या आजी-आजोबांना 'केवढे हे क्रौर्य' ही कविता नक्की आठवेल. घायाळ पक्षिणीची ती करुण कविता याच टिळकांची. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतके लिहिले की 'फुलांमुलांचे कवी' अशी त्यांची ओळख झाली.

जन्म आणि जडणघडण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लहानपणीच गेली आणि वडील अतिशय कडक. मुलगा शिक्षणासाठी नाशिकला आला, संस्कृत शिकला, कविता करू लागला, कीर्तने ऐकू लागला. १८८० मध्ये जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. त्या वेळी ती अवघी अकरा वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखली गेली. तिला शाळा माहीत नव्हती. अक्षरओळख नवऱ्यानेच करून दिली.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून टिळक भारावून गेले. दोन वर्षांच्या विचारमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

घराने मोजलेली किंमत

हा निर्णय टिळकांचा होता. त्याला पत्नीची संमती नव्हती. ब्राह्मण घरातल्या त्या तरुण स्त्रीवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन ती माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपुरात राहिली. नवरा हयात असून नसल्यासारखा, आणि लोकांच्या तोंडाला तर हात लावता येत नाही! पुढे ती टिळकांजवळ राहायला आली तरी सुरुवातीला चूल वेगळी होती आणि सोवळे वेगळे होते. या काळात तिच्या मनात मोठा बदल होत गेला. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, माणसानेच केला आहे, अशी तिची खात्री पटली. १९०० मध्ये तिने स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

कोणी कोणता धर्म पाळावा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. त्याबद्दल निवाडा देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण एका माणसाच्या श्रद्धेची किंमत साऱ्या घराला मोजावी लागते, हे या कथेतून दिसते. पाच वर्षे तुटलेले हे घर पुन्हा जुळले. ते जुळले दोघांच्या चिकाटीमुळे, आणि लक्ष्मीबाईंना आपल्या गतीने विचार करण्याची मोकळीक मिळाली म्हणून.

चाल आपली, भाव आपला

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मिशनरी आले तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्रजी गीतांच्या चालीही आल्या. त्या चालींत मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व होई. शब्द मराठी, पण गाणे परके वाटे. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा प्रयोग आधीच सुरू केला होता. टिळकांनी त्याला आपल्या प्रतिभेचे बळ दिले.

त्यांनी हाती घेतले ते आपले जुनेच साहित्य. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. मुलांनो, तुम्हाला पाठ असलेला तुकोबांचा एखादा अभंग घ्या आणि बोटांवर अक्षरे मोजून पाहा. चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे श्वास घ्यायला आणि टाळ वाजवायला जागा मिळते. म्हणूनच शंभर माणसांना अभंग एकत्र म्हणता येतो. ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा लहान व मोकळा असतो. त्यामुळे लांबलचक कथा सांगायला ओवी सोयीची.

कीर्तनाचेही तसेच. पूर्वरंगात एखाद्या पदावर निरूपण, उत्तररंगात आख्यान, मध्ये भजन, साथीला पेटी-तबला आणि झांजा. टिळकांच्या कीर्तनात हा साचा तसाच राहिला. आख्यान मात्र ख्रिस्तचरित्रातले असे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही गोष्ट समजे आणि धृपद म्हणता येई. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी टिळकांची भावना होती. आपल्या संतांना आणि भाषेला सोडावे लागले असे त्यांना कधी वाटले नाही. 'अभंगांजली' हा त्यांचा संग्रह याची साक्ष देतो. मराठी उपासनेच्या गीतसंग्रहांत त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

सर्वांना उघडे घर

१९०४ मध्ये टिळक दीक्षित पाळक झाले. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. हातात पैसा मात्र टिकत नसे. कोणी गरजू दिसला की खिसा रिकामा, आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला! तरीही पोरक्या मुलांना आणि आल्यागेल्याला त्या घरात जागा होती. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरवलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे काही काळ याच घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले. 'औदुंबर' आणि 'फुलराणी' लिहिणाऱ्या कवीला असे घर लाभले, हे मराठीचेच भाग्य.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांनी बंधुभावाने एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना होती. ती रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले काम

ओव्यांत ख्रिस्तचरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' टिळकांनी १९०९ मध्ये सुरू केले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि काम थांबले. ते पुढे नेले कोणी? ज्या बाईने एकेकाळी नवऱ्याच्या धर्मांतरामुळे अन्नपाणी वर्ज्य केले होते, जिला अक्षरे नवऱ्याने शिकवली होती, त्या लक्ष्मीबाईंनी! त्यांनी ६४ अध्यायांची भर घातली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात भागाभागाने छापले गेले. ते लिहून घेण्यामागे आणि प्रसिद्ध करण्यामागे मुलगा देवदत्त यांचा मोठा हात होता. स्वतःच्या दुःखावरही हसू शकणारे हे पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रहो, टिळकांनी धर्म बदलला पण मायबोली बदलली नाही. नवे सांगायचे असले तरी ते आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत सांगता येते, हे त्यांनी दाखवले. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्याला याचे मोल अधिक. भाषा कोणा एका धर्माची किंवा जातीची नसते. जो तिच्यात गातो, रडतो, हसतो, त्याची ती असते.

पालकांना विनंती, की 'स्मृतिचित्रे'तील एखादे प्रकरण या सुट्टीत मुलांबरोबर मोठ्याने वाचावे. विश्वस्तांना आमची सूचना आहे, की शाळेच्या वाचनालयात या पुस्तकाच्या दोन-चार प्रती असाव्यात आणि संगीताच्या तासाला अभंग, ओवी, साकी, दिंडी यांच्या चाली मुलांना शिकवाव्यात. ज्या मुलाला अभंग म्हणता येतो त्याला तुकाराम समजतील, आणि टिळकही समजतील.