दोन आण्यांची हुंडणावळ

माझा भाचा बुटीबोरीला प्लास्टिकच्या डब्यांचा लहानसा कारखाना चालवतो. परवा म्हणाला, "मामा, आपला माल इथेच खपतो. डॉलर चढो की पडो, आपल्याला काय?" मला आजोबा आठवले. एम्प्रेस मिलमध्ये तीस वर्षे काढलेले आजोबा म्हणत, "आमची गिरणी पावसावर चालते, तशी हुंडणावळीवरही!"

हुंडी वटवताना पेढीवाला कापून घेई ती हुंडणावळ. पुढे वर्तमानपत्रांनी हाच शब्द रुपया-पौंडाच्या दरालाही लावला.

जमशेटजी टाटांची ही नागपूरची गिरणी 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. कापूस आणि मजूर इकडचे; यंत्रे मात्र विलायती, पौंडांत घ्यायची. 1870 च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग पडत. पुढे चांदी उतरली, तिच्याबरोबर चांदीचा रुपयाही. 1892-93 मध्ये त्याला जेमतेम पंधरा पेन्स येत. हजार रुपयांचे यंत्र सोळाशेंवर गेले! पण मँचेस्टरचे कापडही महागले आणि गिरणीला तेवढा आडोसा मिळाला.

1927 साली पारडे फिरले. सरकारने कायद्याने रुपया अठरा पेन्सांचा ठरवला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास सोळाच मागत होते. दोन पेन्सांसाठी एवढे भांडण? हिशेब करून पाहा. अठरा पेन्सांचे विलायती कापड सोळाच्या दराने एक रुपया दोन आण्यांना पडे, अठराच्या दराने रुपयाला. गिरणीने हे दोन आणे आणायचे कुठून? कापसाचा भाव लिव्हरपूलकडे पाहून उतरे; तो तोटा वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा. मजुरी मात्र रुपयांत बांधलेली. मालकाची नजर तिच्याकडेच जायची.

डिसेंबर 1931 मध्ये जपानने सोन्याचे चलन सोडले, येन कोसळला आणि स्वस्त जपानी कापड आपल्या बाजारात आले. ते थोपवायला सरकारने 1933 साली पाऊणशे टक्के जकात बसवली. नागपूरच्या विणकऱ्याने येन डोळ्यांनी पाहिलाही नसेल!

गिरणी 2002 साली बंद पडली. तिची कारणे आणखीही पुष्कळ होती. आज त्या जागी मॉल आहे.

भाच्याला विचारले, "तुझे प्लास्टिकचे दाणे कुठले?"

"देशीच की!"

"आणि त्यांचा भाव?"

"तो बाहेरच्या भावावर..." म्हणत त्याने माझ्याच वहीचे पान फाडले आणि तिथेच आकडेमोड सुरू केली. चहा निवून गेला.