दहा सेकंदांसाठी एकशेवीस फोटो

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आजचा भाग आठवी ते बारावीच्या मध्ये कुठेतरी असलेल्या सगळ्यांसाठी. म्हणजे ज्यांना घरात दिवसातून किमान तीनदा एकच वाक्य ऐकावं लागतं: "ठेव तो मोबाइल!" आणि हे वाक्य म्हणणाऱ्या आई-बाबांनीही ऐकलं तर फार बरं होईल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा अख्खा दिवस स्क्रीनसमोर जातो, त्यामुळे मोबाइल फेकून द्या असं मी सांगणार नाही. पण एक हिशोब मांडून बघा. तुमच्या हातातल्या फोनवर काल तुम्ही किती व्हिडिओ बघितले? शंभर तरी असतील. आणि बनवले किती? बघायचं आणि बनवायचं, दोन्हीसाठी यंत्र एकच आहे. आज आपण दुसऱ्या बाजूबद्दल बोलू. त्यातही ॲनिमेशनबद्दल, कारण त्याला ना हिरो लागतो, ना लोकेशन, ना चांगला आवाज. टेबल, फोन आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

मुळात हलतं काय?

खरं तर काहीच हलत नाही. तुम्ही एक खोडरबर टेबलावर ठेवता, फोटो काढता. किंचित सरकवता, परत फोटो. असे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की डोळ्यांना वाटतं खोडरबर चालतंय. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं दाखवतात. पण ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रांत काम भागतं. आपणही १२ धरू. दहा सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो. एका फोटोला अर्धा मिनिट धरला तरी तासाभराचं काम. एक रविवारची दुपार पुरे.

नाशिकजवळचा माणूस आणि वाटाण्याचं रोप

आता तुम्ही म्हणाल, हे खोडरबर वगैरे पोरखेळ झाला. तर ऐका. दादासाहेब फाळके, जन्म १८७०, गाव त्र्यंबकेश्वर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले. पुढे फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला. चाळिशी ओलांडल्यावर डोक्यात आलं की आपण सिनेमा काढायचा. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला. पण पैसे कोण देणार? इथे सिनेमा काढता येतो यावर कुणाचा विश्वास नव्हता.

मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि रोप वाढेल तसतशी थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. कितीतरी दिवस. पडद्यावर मात्र ते रोप बघता बघता जमिनीतून वर आलं. ही छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले, आणि नुसते दागिनेच नाही, फिल्मच्या कामात त्या स्वतः राबल्या. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

म्हणजे भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या सिनेमाच्या आधी एक वाटाणा आहे! पुढे १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची फिल्म केली. काड्यापेटीतल्या काड्या फ्रेम-फ्रेमने सरकवून. ती आज बघायला मिळत नाही. पण सामान काय होतं ते लक्षात घ्या: काड्या. तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता आहेत त्याच.

आणि फाळक्यांची अडचण तुमच्यापेक्षा मोठी होती. काय शूट झालं हे फिल्म धुतल्याशिवाय कळायचं नाही. तुम्हाला ते त्याच क्षणी दिसतं.

प्रत्यक्ष कसं करायचं

स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं ॲप आहे. हाताने चित्रं काढायची असतील तर फ्लिपाक्लिप. दोन्हींच्या फुकटच्या आवृत्तीत काही गोष्टी बंद असतात, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. यात आधीची फ्रेम पुसट दिसण्याची सोय असते, त्यामुळे वस्तू किती सरकवली ते कळतं.

आता चार गोष्टी, ज्यांच्यामुळे पहिली फिल्म हमखास बिघडते.

एक, फोन हलतो. ट्रायपॉड नसेल तर डाळीचे दोन डबे घ्या, मध्ये फोन उभा करा, रबरबँडने बांधा. फोटोसाठी इअरफोनचं बटण चालत असेल तर उत्तम, स्क्रीनला हात लावायचीच गरज नाही.

दोन, उजेड बदलतो. खिडकीजवळ शूट केलं आणि मध्येच ढग आला की फिल्म लुकलुकते. त्यापेक्षा पडदा लावून घरातल्या दिव्याखाली करा. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. तो लॉक करा.

तीन, पांढरा शर्ट. हसू नका! तुम्ही जवळ आलात की त्याचा उजेड टेबलावर पडतो. गडद कपडे घाला.

चार, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: सगळं एकाच वेगाने हलतं. चेंडू वरून खाली पडतोय आणि तुम्ही तो दर फ्रेमला दोन-दोन सेंटीमीटर सरकवलात, तर तो पडल्यासारखा वाटणारच नाही. दोरीने खाली सोडल्यासारखा वाटेल. पडणारी वस्तू वेग घेत जाते. दहावीच्या विज्ञानातलं गुरुत्वाकर्षण आठवा. सारख्या वेळात पार केलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. मग तेच करा. पहिल्या फ्रेमला १ सेंटीमीटर, मग ३, मग ५, मग ७. प्ले करा आणि बघा. चेंडूला अचानक वजन येतं.

माझ्यासाठी या सगळ्यातली खरी गंमत इथे आहे. धड्यातलं सूत्र पाठ करणारे पुष्कळ असतात. पण कागदाच्या तुकड्याला त्याच सूत्राने वजन दिलं की ते परत विसरता येत नाही. तुम्ही रस्त्यावर पडणारं पान वेगळ्या नजरेने बघायला लागता. रिक्षा थांबताना पुढे कशी झुकते ते दिसायला लागतं. बनवणाऱ्याला जग जास्त दिसतं, एवढं साधं आहे ते.

गोष्ट कुठून आणायची?

इथे बहुतेक जण अडकतात आणि मग परदेशी सुपरहिरो काढतात. काढा, हरकत नाही. पण जरा आपल्या शहराकडे बघा.

आपल्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या भिंतींवर जातककथा रंगवल्यात. शाळेच्या सहलीत आपण त्या दहा मिनिटांत बघून डबा खायला बसतो. पुढच्या वेळी नीट बघा. एकाच भिंतीवर तेच पात्र पुन्हा पुन्हा येतं: इथे राजवाड्यात, तिथे रस्त्यावर, पुढे जंगलात. चित्र स्थिर आहे, पण गोष्ट पुढे सरकते. १९५७ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने 'द बनियन डिअर' ही ॲनिमेशन फिल्म केली तेव्हा गोष्ट जातकातली घेतली आणि चित्रांची शैली अजिंठ्याची. शिकवायला डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स आले होते. पुढे ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटलं गेलं ते राम मोहन तिथेच घडले. डिस्नेचा माणूस समोर असताना त्यांनी हरीण मात्र आपल्या भिंतीवरचं घेतलं!

आणि आता मुकुंदवाडी. २०१९ च्या दुष्काळात इथली लहान मुलं शाळा सुटल्यावर रेल्वेत बसून पाणी आणायला शहराच्या मुख्य स्टेशनावर जायची. जाऊन-येऊन १४ किलोमीटर. गर्दीत कॅन आणि हंडे सांभाळत. जगभरच्या वृत्तसंस्थांनी त्याचे फोटो छापले. चांगलं केलं त्यांनी. पण ती गोष्ट बाहेरच्या कॅमेऱ्याने सांगितली. त्या डब्यात चढताना भीती कशाची वाटायची, गंमत कशाची वाटायची, कॅनमधलं पाणी सांडलं तर घरी काय व्हायचं, हे आत बसलेल्यालाच माहीत. तेव्हा नऊ-दहा वर्षांची असलेली ती मुलं आता तुमच्याच वयाची आहेत. कदाचित त्यातलं कुणी हे ऐकतही असेल.

ती फिल्म करायला काय लागेल? काड्यापेट्यांची रेल्वे. निळ्या पतंगी कागदाचं पाणी. आवाजासाठी आपलं मुकुंदवाडी स्टेशन आहेच, फोनवर रेकॉर्ड करा, पण फलाटावर मागे उभं राहून. वीस सेकंदांत ती गोष्ट बसते. आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कुणी तशी सांगू शकत नाही.

"पण..." असं म्हणणाऱ्यांसाठी

"माझं ड्रॉइंग चांगलं नाही." काड्या सरकवायला ड्रॉइंग लागत नाही.

"एआयला एक ओळ दिली की व्हिडिओ तयार मिळतो, मग कशाला एवढी मेहनत?" हा प्रश्न मला माझ्या कामातही रोज भेटतो, कारण कोडही आता यंत्र लिहितं. पण ते चुकलं कुठे हे कुणाला कळतं? ज्याने आधी स्वतः लिहिलंय त्याला. चेंडूला वजन का नाही हे १, ३, ५, ७ हाताने केलेल्यालाच ओळखता येतं. यंत्र वापरा, पण आधी एकदा हाताने करून बघा.

"यात करिअर आहे का?" मी करिअर विकत नाहीये. पण माहिती देतो. आपल्या शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे. अहमदाबादच्या एनआयडीत आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीत ॲनिमेशन शिकता येतं, त्यांच्या वेगळ्या प्रवेश परीक्षा असतात. आणि कुठल्याही क्लासला मोठी फी भरण्याआधी घरी पाच छोट्या फिल्म पूर्ण करा. पाचवी केल्यावरही सहावी करावीशी वाटली, तर मग चौकशी करा. महागड्या कॉम्प्युटरचीही घाई नको. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. लात्व्हियासारख्या छोट्या देशातल्या लोकांनी त्यात 'फ्लो' ही मांजराची फिल्म बनवली आणि २०२५ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. तिच्या दिग्दर्शकाने त्याआधीची 'अवे' ही अख्खी फिल्म एकट्याने केली होती.

आणि आई-बाबांनो, तुमच्यासाठी. आपल्याकडे मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात आणि मग रंगपेटी माळ्यावर जाते. ती माळ्यावर टाकू नका. पोरगं किंवा पोरगी फोन घेऊन बसली की "किती वेळ झाला?" ऐवजी एकदा "काय बनवलंस, दाखव" असं विचारा. आणि दाखवल्यावर लगेच चुका काढू नका. पहिली फिल्म लुकलुकणारच आहे.

तर या रविवारचं काम: दहा सेकंद, १२० फोटो, गोष्ट आपल्या गल्लीतली. चांगली नाही झाली तरी चालेल, पण पूर्ण करा. अर्धवट सोडलेल्या भारी कल्पनेपेक्षा पूर्ण झालेलं वाकडंतिकडं खोडरबर कधीही बरं. शेवटी तुमचं नाव टाका आणि सगळ्यात आधी घरातल्यांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काड्यापेटी शोधून ठेवा, आणि आईला विचारून घ्या हं!