मधुमेह आणि तुंबलेल्या हृदयधमन्या

शस्त्रक्रिया म्हटली कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, ‘टाळतां येईल का?’ गेल्या वर्षीं माझ्या वडील बंधूंच्या बाबतींत हेंच झालें. वय ७३, मधुमेह २२ वर्षांचा. जिना चढतांना धाप लागे. पण छातींत कळ कधीं आली नाहीं, म्हणून आम्हीं सर्वांनीं तें वयावर घातलें. दीर्घ मधुमेहानें मज्जातंतु बोथट होतात व हृदयाची कळ पुष्कळदां जाणवतच नाहीं, हें मागाहून कळलें. अँजिओग्राफींत तिन्ही मुख्य धमन्या ठिकठिकाणीं अरुंद झालेल्या दिसल्या. पुतणे म्हणाले, “स्टेंट घालूं आणि दोन दिवसांत घरीं नेऊं.” वहिनींनीं तर छाती उघडण्याचें नांवही काढूं दिलें नाहीं. त्या दिवसांत मीं जें वाचलें व विचारलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

उपाय दोन. अँजिओप्लास्टींत मनगटांतील किंवा जांघेंतील धमनींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, अडथळ्याच्या जागीं लहान फुगा फुगवितात व तेथें धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं झुरिक येथें १९७७ सालीं हृदयधमनींत फुग्याचा प्रयोग केला. जाळी पुढें आली. बायपासमध्यें पायाची शीर किंवा छातीच्या आंतील धमनी घेऊन अडथळ्याच्या पलीकडे जोडतात. रेने फावालोरो यांनीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें १९६७ पासून पायाच्या शिरेची ही पद्धत रूढ केली.

मधुमेह हें नांव चरक-सुश्रुतांच्या काळचें. हृदयधमन्यांत तो काय करतो, हें ज्ञान मात्र अलीकडचें. मधुमेह्यांत अडथळा बहुधा एकाच जागीं नसतो. धमनीच्या लांबीभर थर सांचत जातो. स्टेंट एक जागा मोकळी करतो. शेजारीं उद्यां होणाऱ्या अडथळ्यावर त्याचा इलाज नाहीं. पाटांतील एक दरड उपसली तरी दुसरी कोसळूं शकते. परंतु खालच्या शेताला नवा पाट थेट आणून दिला, तर वर कांहीं झालें तरी पीक वाळत नाहीं. बायपासचें मर्म तेंच.

हा केवळ तर्क नव्हे. ‘फ्रीडम’ या चाचणीचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. एकाहून अधिक धमन्या तुंबलेले १९०० मधुमेही रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गटांत वांटले होते. पांच वर्षांत औषध लावलेला स्टेंट बसविलेल्यांपैकीं शेंकडा १६.३ दगावले, बायपास झालेल्यांपैकीं १०.९. हृदयविकाराचे झटके पहिल्या गटांत शेंकडा १३.९, तर दुसऱ्यांत ६. उलट पक्षाघात बायपासच्या गटांतच अधिक झाला : ५.२ विरुद्ध २.४. ही दुसरी बाजूही घरच्यांना ठाऊक असली पाहिजे.

तथापि हा नियम सरसकट लावूं नये. झटका चालू असतांना चर्चेला वेळ नसतो. तत्काळ केलेली अँजिओप्लास्टी तेथें जीव वांचविते. अडथळा एकच व सोपा असेल, किंवा फुप्फुसें, मूत्रपिंडें दुर्बल असतील, तर स्टेंटच योग्य ठरूं शकतो. शिवाय २००९ सालच्या ‘बारी टू डी’ या चाचणींत स्थिर प्रकृतीच्या मधुमेह्यांपैकीं लगेच स्टेंट वा बायपास केलेले आणि प्रथम औषधांवर ठेवलेले यांच्या मृत्युप्रमाणांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. म्हणजे अडथळा दिसला कीं धांवत सुटावें, असेंही नाहीं. हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद या दोघांनीं एकत्र बसून चित्र पाहावें, असा आग्रह मात्र धरावा. छातीची धमनी वापरणार का, हेंही विचारावें. ती पायाच्या शिरेहून पुष्कळ अधिक काळ मोकळी राहते.

इतकें झाल्यावर लक्षांत आलें कीं खुद्द दादांना कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. मीं आंकडे त्यांच्यापुढें ठेविले. पक्षाघाताचाही लपविला नाहीं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “भीति मला वाटते, ती मी सोसीन. पण पुन्हां पुन्हां येथें आणूं नका.” दोन्ही तज्ज्ञांचें मत तेंच पडलें व बायपास झाली. छातीचें हाड भरून येईपर्यंत तीन महिने त्यांनीं फार सोसलें. आतां ते जिना न थांबतां चढतात. मधुमेह मात्र तेथेंच आहे. इन्शुलिन, गोळ्या व सकाळचें चालणें सुटलेलें नाहीं. तपकिरीची डबी वहिनींनीं स्वतःच्या कुलपांत ठेविली आहे.