मनोविकार समजून घेताना (लेखांक ६) : एक रुग्ण, दोन डॉक्टर

एकाच रुग्णाला दोन मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले, तर दोघे त्याच्या आजाराला एकच नाव देतात का? निदानाची विश्वसनीयता म्हणतात ती हीच. मधुमेहाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही. रक्तातील साखर पुण्यात तपासली काय किंवा नागपुरात तपासली काय, निकष तोच. स्किझोफ्रेनिया, नैराश्य किंवा बायपोलर आजार ठरवणारी रक्तचाचणी मात्र नाही, स्कॅनही नाही. चाचण्या होतात त्या थायरॉइडसारखी दुसरी कारणे वगळण्यासाठी. बाकी सारा भार रुग्णाच्या बोलण्यावर, नातेवाइकांनी दिलेल्या माहितीवर आणि डॉक्टरच्या निरीक्षणावर.

हा भार किती डळमळीत असू शकतो, हे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या ब्रिटिश-अमेरिकी प्रकल्पातून दिसले. अमेरिकेतील मनोरुग्णालयांच्या नोंदींत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण उदंड, तर ब्रिटनमध्ये उन्माद-नैराश्याचे प्रमाण जास्त, असा फरक आकडेवारीत उमटत होता. अमेरिकी माणूसच वेगळ्या तऱ्हेने आजारी पडतो की काय? संशोधकांनी ब्रुकलिनमधील एका सरकारी रुग्णालयात आणि लंडनजवळच्या नेदर्न रुग्णालयात नव्याने दाखल झालेल्या रुग्णांना एकाच ठरीव पद्धतीने प्रश्न विचारले, तेव्हा हा फरक बहुतांशी विरघळला. रुग्ण फार निराळे नव्हतेच. निराळे होते ते डॉक्टर. पुढे दोन्ही देशांतील शेकडो मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच चित्रफिती दाखवण्यात आल्या. त्यांतल्या ब्रुकलिनच्या एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया ठरवला. ब्रिटिशांपैकी तसे म्हणणारे २ टक्के निघाले. बहुतेकांना तो व्यक्तिमत्त्वाचा दोष वाटला. चित्रफीत तीच, शब्द तेच, हावभाव तेच.

मतभेद नेमका कुठे होतो, हे त्याआधीच, १९६२ साली, फिलाडेल्फियात ॲरन बेक आणि सहकाऱ्यांनी तपासले होते. अनुभवी डॉक्टरांचे नेमक्या निदानावर एकमत झाले ते ५४ टक्के रुग्णांच्या बाबतीत. रुग्णाने दोघांना वेगवेगळे सांगितले म्हणून झालेले मतभेद जेमतेम ५ टक्के होते. सुमारे एक तृतीयांश डॉक्टरांच्या पद्धतीतून आले, आणि तब्बल ६२.५ टक्के आजारांच्या व्याख्याच मोघम असल्यामुळे. ‘पेशंट नीट बोलत नाही’ ही तक्रार दवाखान्यात नेहमी ऐकू येते. तिला या आकड्यांचा फारसा आधार नाही.

अर्थात ५४ टक्के हा आकडाही फसवा ठरू शकतो, कारण काही एकमत निव्वळ योगायोगाने होते. समजा, दोन डॉक्टर प्रत्येकी शंभरपैकी ऐंशी रुग्णांना नैराश्य ठरवतात. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या तरी ६८ रुग्णांबाबत दोघांचे जुळेल. प्रत्यक्षात ८० रुग्णांबाबत जुळले, तर खरी कमाई ३२ पैकी १२, म्हणजे सुमारे ०.३८. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कापा’ गुणांक तो हाच. शून्य म्हणजे योगायोगापलीकडे काही नाही, एक म्हणजे पूर्ण एकमत.

व्याख्या मोघम, तर त्या बांधून घ्याव्यात, हा विचार १९८० साली मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीच्या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे ‘डीएसएम-३’मध्ये, उतरला. लक्षणांची यादी, किमान संख्या, किमान कालावधी. त्यातून गोंधळ मिटला असे समजण्याची प्रथा पडली. पण पाचव्या आवृत्तीच्या चाचणीत त्याच रुग्णाला काही तासांनी ते दोन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरने नेहमीच्या पद्धतीने तपासले, तेव्हा स्मृतिभ्रंशासारख्या गंभीर ऱ्हासाचा कापा ०.७८ आला, आघातोत्तर तणावाचा ०.६७, स्किझोफ्रेनियाचा ०.४६ आणि नैराश्याचा, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात रोज लिहिल्या जाणाऱ्या निदानाचा, अवघा ०.२८.

नैराश्यच का घसरते? नऊपैकी पाच लक्षणे असली की निदान होते, त्यामुळे दोन रुग्णांत एकच लक्षण समान असूनही दोघांना तेच नाव मिळू शकते. त्यात चिंता, दारू, दुखणी मिसळलेली असतात. प्रश्न कसा विचारला, यावरही पुष्कळ ठरते. मराठी रुग्ण ‘मी उदास आहे’ म्हणत येतोच असे नाही. छातीत धडधडते, अंग मोडून येते, झोप लागत नाही, ही त्याची तक्रार. ‘उदास वाटतं का?’ याला तो ‘नाही’ म्हणतो, आणि ‘कशात मन लागतं का?’ याला मान हलवून तेच ‘नाही’. पहिल्याच प्रश्नावर थांबलेला आणि दुसराही विचारलेला असे दोन डॉक्टर त्याच्या केसपेपरवर वेगवेगळी निदाने लिहितात. बायपोलर आजारात तर चुकीला आणखी वाव असतो. रुग्ण येतो उदासीच्या काळात. दोन वर्षांपूर्वी तो रात्र रात्र जागून उधळपट्टी करत होता, हे बाहेर बाकावर बसलेल्या भावाला ठाऊक असते. त्याला आत बोलावले नाही, तर निदान नुसत्या नैराश्याचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या, म्हणजे ‘आयसीडी-११’च्या, १३ देशांतील चाचणीत आकडे बरेच चांगले आले. पण तिथे दोन्ही डॉक्टर एकाच मुलाखतीला हजर होते, त्यामुळे वेगळे प्रश्न, वेगळी उत्तरे हा मतभेदाचा मोठा उगमच बंद झाला. विश्वसनीयतेचा कोणताही आकडा वाचताना तो कसा मिळवला, हे आधी पाहावे लागते.

शिवाय एकमत म्हणजे अचूकता नव्हे. स्किझोफ्रेनियासाठी ‘आयसीडी’ला एक महिन्याची लक्षणे पुरतात, ‘डीएसएम’ला सहा महिने लागतात. दोन महिन्यांपासून भास आणि संशय असलेल्या रुग्णाला पहिल्या नियमाने स्किझोफ्रेनिया ठरेल. दुसऱ्या नियमाने त्याच्यासारखाच, पण वेगळ्या नावाचा ‘स्किझोफ्रेनिफॉर्म’ विकार. दोन्ही गटांतील डॉक्टर आपापसात पूर्ण सहमत असतील आणि कागदावर आजार मात्र दोन असतील. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मान्य वैद्यकीय मानकांचे उदाहरण म्हणून ‘आयसीडी’चेच नाव घेतले आहे, त्यामुळे इथल्या सरकारी कागदपत्रांत त्या रुग्णाचे निदान सहसा पहिल्या नियमाने नोंदवले जाईल.